"इकडे बघ" म्हणणं आधी बंद करा

प्रश्न : मी ३९ वर्षांची गृहिणी. थोरली लेक पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. गेल्या पाडव्याला ह्यांनी मला कॅननचा १५००डी कॅमेरा घेऊन दिला. सोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. हौसेनं घरातले फोटो काढायला लागले, पण मोबाइलवर बरे येतात आणि या महागड्या कॅमेऱ्यात बिघडतात, अशी गत. धाकट्याचे सगळे फोटो हललेले. संध्याकाळचे चेहरे पिवळे. लेक कॅमेरा दिसला की तोंड फिरवते, नाहीतर बत्तिशी दाखवून खोटं खोटं हसते. सासूबाई फोटोला बसल्या की आधार कार्डावरच्यासारख्या ताठ. कार्तिकात आजेसासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन गावच्या घरी करायचं ठरलंय. घरचीच सोळा माणसं जमतील आणि फोटो मीच काढावेत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. नवी लेन्स घ्यावी का? आणि या वयात हे सगळं शिकून होईल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

ताई, लेन्सचं शेवटी बोलू. कॅमेरा बिघडलेला नाही आणि तुमचा हातही वाईट नाही, एवढं आधी मनाशी धरा.

मोबाइल तुम्हाला न विचारता बरंच काही करत असतो. बटण एकदा दाबलं तरी तो भराभर अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, चेहरा कुठे आहे ते ओळखून तेवढा भाग उजळतो. तुमचा कॅमेरा यातलं फारसं काही करत नाही. ऑटोवर ठेवून घरात ट्यूबच्या उजेडात फोटो काढलात की त्याला उजेड कमी पडतो. मग तो एकतर टपावरचा फ्लॅश उघडतो, नाहीतर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवतो. जास्त वेळ म्हणजे साधारण सेकंदाचा तिसावा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण दुडूदुडू चालणारं पोर सेकंदाला मीटरभर जातं असं धरलं, तर तेवढ्या वेळात ते तीन सेंटिमीटरनं पुढे सरकलेलं असतं. तीन सेंटिमीटर म्हणजे डोळ्याच्या जागी कान. तेच शटर सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं राहिलं, तर पोर दोन मिलिमीटरच हलतं, आणि फोटोत ते जाणवत नाही.

म्हणून ऑटो सोडा. वरच्या चकतीवर 'टी-व्ही' अशी दोन अक्षरं दिसतील. त्यांचा दूरदर्शनशी काही संबंध नाही. शटरचा वेळ तुम्ही सांगायचा आणि बाकीचं कॅमेऱ्यानं बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. धाकटा पळत असेल तर तिथे १/५०० लावा, बसून खेळत असेल तर १/२५०. लेक चित्र काढण्यात रमली असेल तर १/१२५वरही भागतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा आहे त्याचा आकडा, ऑटोवर ठेवा आणि मेनूत जाऊन त्याची वरची मर्यादा ३२०० करून टाका. आयएसओ चढला की फोटोत दाणे दिसतील, तर दिसू देत. दाणेदार फोटो आल्बममध्ये लावता येतो, हललेला येत नाही. बटण अर्धं दाबल्यावर पडद्यावरचा एफचा आकडा (लेन्सचं भोक किती उघडलंय ते तो सांगतो; आकडा लहान तेवढं भोक मोठं) लुकलुकायला लागला, तर कॅमेरा 'मला उजेड पुरत नाही' म्हणतोय असं समजा. अशा वेळी मेनूशी खटपट करत बसू नका. पोराला उचला आणि खिडकीपाशी न्या.

फोकसचं थोडक्यात सांगते. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत. त्याच्यावर सोडलंत तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू धरतो, म्हणजे पुढे केलेला हात नाहीतर तोंडातला चमचा. फक्त मधला बिंदू निवडा, तो तुमच्या जवळच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, मग चौकट हवी तशी सरकवा. पळणाऱ्या धाकट्यासाठी 'एआय सर्वो' लावा. त्यात कॅमेरा त्याच्या मागोमाग फोकस बदलत राहतो. मात्र तेव्हा चौकट सरकवायची नाही, बिंदू त्याच्यावरच राहू द्यायचा. यंत्राचं एवढं पुरे. उरलेलं सगळं खिडकीचं आणि माणसांचं आहे.

खिडकी. घरात सकाळी नऊच्या सुमाराला कुठल्या खिडकीतून उजेड येतो पण ऊन येत नाही, ते आठवडाभर नुसतं बघत राहा. ती तुमची जागा. मग एक नारळ घ्या. गंमत नाही करत. नारळाला डोळे असतात, शेंडी असते आणि कंटाळा नसतो. तो स्टुलावर ठेवून खिडकीपासून हातभर अंतरावर एक फोटो काढा, मग दोन पावलं आत नेऊन, मग खोलीच्या मध्यावर. कॅमेऱ्यानं निवडलेला आयएसओ प्रत्येक वेळी बघत जा. खोलीच्या मध्यावर तो किती चढलाय ते बघून दचकाल. आपल्या डोळ्यांना सगळी खोली सारखीच उजेडाची वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. कॅमेरा जुळवून घेत नाही.

आता नारळ खिडकीजवळच ठेवून तुम्ही त्याच्याभोवती फिरा. खिडकी तुमच्या पाठीशी असली की तो सपाट दिसेल. खिडकी नारळाच्या मागे गेली की तो काळा पडेल. खिडकी एका बाजूला, म्हणजे तुमच्या खांद्याच्या रेषेत आली की अर्धा भाग उजळ, मग हळूहळू उतरत जाणारी सावली, आणि गोलाई दिसायला लागेल. चेहऱ्याला हवा असतो तो हाच उजेड. सावलीची बाजू फार काळी वाटली तर त्या बाजूला पांढरी चादर खुर्चीच्या पाठीवर टाका किंवा कुणाला तरी पांढरा कार्डशीट धरायला सांगा. तिच्यावरून उजेड उलटून येतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर सासऱ्यांचं पातळ धोतर पडद्यासारखं लावा. उजेड कसा मऊ होतो बघा. नारळाच्या जागी लेक आली की एकच खूण तपासायची : तिच्या बुबुळात खिडकीची चौकोनी चमक दिसते का? चमक नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात, मग चेहरा कितीही गोड असो. हनुवटी जराशी खिडकीकडे वळली की चमक येते.

आणि खिडकीजवळ फोटो काढताना घरातले दिवे बंद करा. तुमच्या पिवळ्या चेहऱ्यांचं निम्मं कारण तिथेच आहे. दिवसाचा उजेड निळसर, पिवळा बल्ब केशरी, ट्यूब आणखी तिसरीच. तिन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याला पांढरं कुठलं मानावं तेच कळत नाही. उरलेलं निम्मं कारण भिंत असू शकते. हॉलला आंबा रंग किंवा पोपटी लावलेला असेल तर तो भिंतीवरून उलटून गालावर येतो आणि कुठलाही कॅमेरा त्याला काही करू शकत नाही. भिंतीपासून चार पावलं पुढे या.

टपावरचा फ्लॅश तर विसरूनच जा. तो समोरून सरळ चेहऱ्यावर आदळतो, नाक-गाल सपाट करतो, मागे भिंतीवर काळी सावली चिकटवतो, आणि बुबुळातून आत शिरून मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परततो. डोळे लाल येतात ते त्यामुळे.

आता तुमची लेक. तिनं तोंड फिरवणं अगदी बरोबर आहे. आईच्या चेहऱ्याच्या जागी एक काळा डबा येतो आणि आई हुकूम सोडायला लागते : इकडे बघ, हस, नीट हस, हात खाली. कोण राहील तिथे? आणि ते खोटं हसू ती मुद्दाम करत नाही. दूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याच्या स्नायूंचा अभ्यास केला आणि १८६२मध्ये तो प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण ठरवून हलवू शकतो, पण खरोखर आनंद झाल्यावर डोळ्यांभोवती जो आवळतो तो हुकमानं हलत नाही, असं त्यानं नोंदवलं. 'हस' म्हटलं की मूल बिचारं हलवता येतो तेवढा स्नायू हलवतं. बत्तिशी येते, डोळे कोरडे राहतात.

तेव्हा 'इकडे बघ' आणि 'हस' हे दोन्ही शब्द आजपासून बंद. जागा तुम्ही ठरवायची, उजेड तुम्ही ठरवायचा, मागे काय दिसणार ते तुम्ही ठरवायचं. त्या चौकटीत काय घडणार ते मुलांवर सोडायचं. स्टुडिओवाल्याला हे जमत नाही, कारण तुमची लेक कशात रमते ते त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. ही तुमची जमेची बाजू कुठल्याही लेन्सपेक्षा मोठी आहे.

उदाहरणार्थ, त्या खिडकीखाली सतरंजी टाका आणि तिच्यासमोर मटारच्या शेंगांची परडी ठेवून सोलायला सांगा. पहिली पाच मिनिटं कॅमेरा मांडीत असू द्या, तुम्हीही सोला. शेंग फोडताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येईल. दाणा उडून सतरंजीखाली गेला की ती वाकून शोधेल. सापडला की वर बघेल, कॅमेऱ्याकडे नव्हे, तुमच्याकडे. तेव्हा कॅमेरा तुमच्या डोळ्याला लागलेला हवा. काही बोलायचं नाही, फोटो घ्यायचा आणि पुन्हा एक शेंग सोलायची. कुणाच्या घरी मटार नसतील तर भातुकली, कणकेचा गोळा, आजीच्या बांगड्या, काहीही चालतं. हातांना काम असलं की चेहरा आपसूक सैल होतो. अधूनमधून कॅमेरा तिच्याही हातात द्या, पट्टा गळ्यात अडकवून, आणि तिला तुमचा फोटो काढू द्या. तो वाकडा येईल, पण त्यानंतर त्या काळ्या डब्याची भीती निम्मी होते.

वेळ मात्र तुमच्या सोयीची नाही, तिच्या सोयीची. झोप झालेली, पोट भरलेलं, आणि टोचणारा फ्रॉक नाही. जरीचे कपडे घालून, केस ओढून बांधून, 'फोटो झाल्यावर चॉकलेट' असं सांगून काढलेल्या फोटोत चॉकलेटची वाट बघणारं मूल येतं. आधी दिलंत तर चॉकलेटचं तोंड येतं. त्यापेक्षा घरचा मऊ, एकरंगी, फार चित्रं नसलेला सदरा बरा. छातीवर कार्टूनचं मोठं डोकं असलं की बघणाऱ्याची नजर आधी त्या डोक्याकडे जाते.

धाकट्यासाठी जमिनीवर आडवं व्हा. अक्षरशः पोटावर. आपण सगळे मुलांचे फोटो उभ्यानं खाली बघत काढतो, म्हणून त्यात मोठं डोकं, आखूड पाय आणि फरशी येते. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला की तो त्याच्या जगात दिसतो आणि मागे फरशीच्या जागी लांबवरची खोली धूसर होऊन जाते. लेन्सच्या कड्यावरचा आकडा १८वर ठेवून जवळ जाऊ नका. नाक फुगतं, कान मागे जातात. ५५वर फिरवा आणि मागे सरका. तो एका जागी राहणार नाही हे गृहीत धरून त्याला तिथे राहावंसं वाटेल असं काहीतरी खिडकीजवळ ठेवा. पातेलं आणि पळी यांच्यापेक्षा चांगलं खेळणं अजून निघालेलं नाही. तुमच्या ह्यांना मागे, तुमच्या डोक्याच्या वर, चादरीआडून 'भॉक' करायला बसवा. पोर त्यांच्याकडे बघतं आणि फोटोत तुमच्याकडे बघतंय असं वाटतं. दर वेळी तीन-चार फोटो सलग घ्या. बरेचसे फुकट जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघायची सवय लावा. डोक्यातून उगवलेला टेबलफॅन, कालनिर्णय, टीव्हीच्या लोंबत्या वायरी, दोरीवरचे पंचे. सामान हलवायची गरज नसते. बहुतेक वेळा तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकलात की पंखा लेकीच्या डोक्यामागे लपतो. पण सगळंच पुसून टाकू नका. देव्हारा, झोपाळा, दारावर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा, हे राहू द्या. कोऱ्या पडद्यासमोरचे फोटो वीस वर्षांनी कुठल्याही घरातले वाटतात.

सासूबाईंना फोटोपुरतं बसवू नका. 'आई, फोटो काढायचाय' म्हटलं की त्या आत जाऊन केस नीट करून, पदर सावरून येणार, आणि येऊ द्या, तो त्यांचा मान आहे. पण आल्यावर लगेच फोटो नको. त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवा, वाती वळायला कापूस द्या आणि तुमच्या ह्यांच्या लहानपणीचं काहीतरी विचारा. पहिले दोन फोटो त्यांच्या समाधानासाठी सरळ, समोर बघून. तिसऱ्यापासून खरं काम सुरू. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानामागे थोड्या वर उचलून काच किंचित खाली झुकवा, किंवा त्यांना मानच जराशी वळवायला सांगा. चष्मा काढायला लावू नका. कायम चष्मा लावणाऱ्या माणसाचा बिनचष्म्याचा फोटो घरच्यांना परका वाटतो.

इथे एक माझा जुना राग काढून घेते. आपल्याकडे फोटो 'उजळ' करून देण्याची खोड आहे. मोबाइलचा ब्युटी मोड तेच करतो, पुष्कळ स्टुडिओही विचारल्याशिवाय तेच करतात. सावळं पोर गुलाबी होतं, आजीच्या सुरकुत्या पुसल्या जातात. तुम्ही ते करू नका. सावळ्या चेहऱ्याला बाजूचा मऊ उजेड दिला की कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर जी झळाळी येते ती पांढरं करून कधीच मिळत नाही. एवढंच सांभाळा : चौकटीत पांढरं खूप असेल, म्हणजे पांढरा सदरा, चादर, चुन्याची भिंत, तर कॅमेरा सगळंच गडद करतो. अधिक-उणे खूण असलेलं बटण दाबून दोन खुणा अधिककडे सरकवा, चेहरा परत जागेवर येतो.

आता सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी तुम्ही सूनही असणार आहात आणि फोटोग्राफरही, तेव्हा घरात आधीच सांगून टाका की औक्षण आणि सोळा जणांचा फोटो या दोन वेळांना तुम्हाला स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही. बाकी दिवसभरातलं मिळेल तेवढं मिळेल.

औक्षण माजघरात होणार असेल तर सकाळीच जागा बघून ठेवा. आजींचा पाट दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला तोंड करून मांडता येतो का, गुरुजींना विचारा. दिशेचा आग्रह असेल तर तोच चालेल, मग तुम्ही जागा बदला. ओवाळणाऱ्या बाईंच्या खांद्याशेजारी, थोडं बाजूला, गुडघ्यावर बसा, म्हणजे ताट, ज्योती आणि आजींचा चेहरा तिन्ही एका चौकटीत येतात. फ्लॅश बंदच. फ्लॅश पडला की ज्योतींचा उजेड मरतो आणि दिवे लावले काय, न लावले काय, सारखंच. ट्यूब मिनिटभर बंद करायला सांगा, आयएसओ ३२०० आणि शटर १/१२५ लावा. हात चालू असताना फोटो घेतलात तर ज्योतींच्या रेघा उठतील. पण पुष्कळ घरांत ताट अर्धगोल ओवाळतात आणि त्या अर्धगोलाच्या दोन्ही टोकांना हात वळायच्या आधी क्षणभर थबकतो. नेमकं तेव्हा दाबा. ताट चेहऱ्यासमोर मधोमध असताना नको, चेहरा झाकला जातो. एका बाजूला गेलं की ज्योतींचा उजेड गालावर तिरपा येतो.

मग सोळा जण. आधी एक वेळ ठरवा आणि ती जेवणानंतरची नको. जेवणं झाली की निम्मे आडवे होतात आणि उरलेले पान शोधतात. शिवाय भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी नवाच्या सुमाराला किंवा साडेचारनंतर घराची सावली अंगणात जिथे पडते तिथे सगळ्यांना घ्या. सावलीची कड जवळ असलेली बरी, म्हणजे समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून उजेड उलटून चेहऱ्यांवर येतो. झाडाखाली नको, पानांमधून पडणारे कवडसे एकाच्या कपाळावर आणि दुसऱ्याच्या नाकावर बसतात.

मध्ये खुर्चीत आजी. त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर तुमचे सासू-सासरे आणि बाकी वडीलधारे. मुलं पुढे सतरंजीवर, पण धाकट्याला कुणाच्या तरी मांडीत द्या. मागे बाकीचे उभे, उंच माणसं मधोमध नको, थोडी विखरून. भिंतीला पाठ टेकवून एका ओळीत सोळा जण उभे केलेत तर ते फार लांबलचक होतं आणि चेहरे शेंगदाण्याएवढे येतात. रांगा एकमेकींना चिकटून ठेवा आणि मागच्यांना थोडं पुढे झुकायला सांगा. जोडपी जवळजवळ, नातवंडं आपापल्या लाडक्या माणसाला बिलगून. मधे ओंजळभरसुद्धा फट ठेवू नका, फोटोत ती हातभर दिसते. चकती 'ए-व्ही'वर घेऊन (इथे एफचा आकडा तुम्ही सांगायचा, शटरचं कॅमेरा बघतो) एफचा आकडा ८ करा म्हणजे पुढची-मागची दोन्ही रांग स्पष्ट येईल. शटर १/१२५च्या खाली जात असेल तर आयएसओ वाढवा. फोकस आजींच्या डोळ्यांवर. लेन्स ३५च्या आसपास ठेवून मागे जा. १८वर काढलात तर कडेचे काका रुंद होतात, आणि ते काका कायम लक्षात ठेवतात.

दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडा. तुमच्या कॅमेऱ्याची चौकट ३:२ मापाची आहे, त्यामुळे ८ बाय १२ इंचाची प्रिंट पूर्ण येते. पण बाजारात तयार मिळणाऱ्या पुष्कळ फ्रेमा ८ बाय १०च्या असतात आणि त्यात लांबीचा सहावा हिस्सा कापला जातो. तो हिस्सा कडेच्या माणसांचा असतो.

कुणाचे तरी डोळे मिटणार, हे ठरलेलंच. यावर ऑस्ट्रेलियातल्या पीअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन या दोघांनी चक्क गणित मांडलं आणि त्यासाठी त्यांना २००६चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. विसांपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३नं भागा, कमी उजेडात २नं. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. तुमच्या सोळांसाठी अंगणात सहा, माजघरात आठ. लहान मुलं असल्यानं मी त्याच्या दुप्पट काढीन. 'झालं' असं मोठ्यानं म्हणून झाल्यावरही दोन काढा. 'झालं' ऐकल्यावर सगळे खरे हसतात.

आणि या फोटोत तुम्ही असायलाच हव्यात. पत्रात तुम्ही घरातल्या बाकीच्यांच्या फोटोंचं लिहिलंत, स्वतःच्या फोटोचं एकदाही नाही. घरात फोटो काढणारी बाई आल्बमातून गायब होते, हे मी फार घरांत बघितलंय. कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर स्टुलावर पुस्तकं रचून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याला वायफाय आहे. कॅननचं कॅमेरा कनेक्ट अॅप मोबाइलवर घेतलंत तर चौकट मोबाइलच्या पडद्यावर दिसते आणि तिथूनच फोटो काढता येतो. सोहळ्याच्या आधी घरी दोनदा जोडून बघा; सोळा माणसं उभी करून पासवर्ड शोधायची वेळ नको. आजींच्या मागे तुमची जागा ठेवा.

वयाचं विचारलंत. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५मध्ये कोलकात्यात जन्मली. १८६३मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्लंडात असताना लेकीनं आणि जावयानं तिला कॅमेरा भेट दिला. तिनं कोळशाच्या खोलीची डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली, केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, आणि घरातल्या, शेजारपाजारच्या बायकामुलांना समोर बसवून फोटो काढले. तेव्हा एकेका फोटोला बसणाऱ्यानं काही मिनिटं हलायचं नाही असा प्रकार होता. तिचे फोटो हललेले, फोकस चुकलेले म्हणून त्या काळच्या जाणकारांनी नावंही ठेवली. आज फोटोग्राफीच्या इतिहासातून तिचं नाव वगळता येत नाही. तुमच्याकडे तिच्यापेक्षा नऊ वर्षं जास्त आहेत आणि १/५०० सेकंदाचं शटर आहे.

काढलेले फोटो त्याच रात्री कार्डातून दोन ठिकाणी उतरवा, संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर. दुसऱ्या दिवशी निवडा, त्याच दिवशी नको. थकलेल्या डोळ्यांना सगळेच सारखे वाटतात. घरच्यांना दोनशे पाठवू नका, पंचवीस पाठवा. व्हॉट्सअॅपवर साधे पाठवलेत तर ते दाबले जातात आणि त्यांची प्रिंट चांगली येत नाही, म्हणून ज्यांना प्रिंट काढायची आहे त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मुलांचे आंघोळीचे किंवा शाळेचा बिल्ला दिसणारे फोटो गावभरच्या गटांवर नकोत.

राहिली लेन्स. आत्ता घेऊ नका. सोहळा होऊन जाऊ द्या, मग संगणकावर तुमच्या आवडत्या फोटोंची माहिती उघडून लेन्स किती मिलिमीटरवर होती ते बघा. बहुतेक फोटो ५०-५५च्या घरात असतील तर कॅननची ५० मिलिमीटर, एफ १.८ची लेन्स घ्या. ५५वर तुमच्या सध्याच्या लेन्समधून फार तर एफ ५.६ इतका उजेड आत येतो. नवी त्याच्या जवळजवळ दहापट आत घेते, आणि संध्याकाळचे फोटो सुटतात. मात्र ती झूम होत नाही. तुमच्या कॅमेऱ्यावर दोन मोठी माणसं शेजारीशेजारी बसलेली घ्यायची तर चार मीटर मागे जावं लागतं, आणि १० बाय १२ फुटांच्या खोलीत तेवढं मागे गेलात तर पाठ शेजाऱ्यांच्या घरात निघेल. घरात जागा कमी आणि तुमचे बरेच फोटो १८ ते ३०च्या मधले निघाले, तर २४ मिलिमीटर, एफ २.८ची छोटी लेन्स तुमच्या जास्त कामाची. दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्या, ती लेन्स लावून दुकानातल्या दुकानात चार फोटो काढा, आणि मगच पैसे द्या.